पिरॅमिडची बांधणी

प्राचीन इजिप्तमधील राजांची दगडी थडगी उभारण्याचे तंत्र. यांतील सर्वांत मोठे थडगे गिझा येथील खुफू राजाचे (इ. स. पू. सुमारे 2560). मूळ उंची सुमारे 146 मी., पायाची बाजू 230 मी., दगड अंदाजे 23 लाख. ग्रीक इतिहासकार हेरॉडोटसने ऐकलेली वीस वर्षांची मुदत खरी मानली, तर रोज तीनशेवर दगड बसवावे लागले असणार.

गाभ्याचा चुनखडक गिझाच्या पठारावरच तांब्याच्या छिन्न्यांनी काढला. आतल्या दालनाचा ग्रॅनाइट सुमारे 800 किमी. दक्षिणेच्या आस्वानहून नाईलमार्गे आला, तर बाहेरच्या आवरणाचा पांढराशुभ्र दगड पलीकडच्या काठावरील तुरा येथून. या शेवटच्या वाहतुकीची समकालीन नोंदच 2013 मध्ये तांबड्या समुद्राकाठी वादी अल-जर्फ येथे सापडली. मेरेर नावाच्या मुकादमाने पपायरसवर लिहिलेली ही रोजनिशी आहे : सुमारे चाळीस जणांची टोळी तुऱ्याला दगड भरते, गिझाला उतरवते, पुन्हा परत. देखरेखीला राजाचा सावत्र भाऊ अंखहाफ. मजकूर हजेरीपुस्तकाइतका कोरडा आहे आणि म्हणूनच विश्वासार्ह वाटतो.

जमिनीवर दगड लाकडी घसरगाड्यांवरून ओढत. जेहुतिहोतेप या प्रांताधिकाऱ्याच्या थडग्यातील चित्रात (हे खुफूनंतर काही शतकांनी काढलेले) प्रचंड पुतळा ओढला जात असताना एक जण पुढच्या वाळूवर पाणी ओततो. हा धार्मिक विधी असावा, असे काहींना वाटे. ॲमस्टरडॅम विद्यापीठातील प्रयोगांत (2014) मात्र वाळू योग्य प्रमाणात ओली केल्यास ओढण्याचा जोर निम्म्यावर येतो असे दिसले.

मजूर गुलाम होते ही समजूत आता टिकत नाही. पठाराच्या दक्षिणेला त्यांची वस्ती, भट्ट्या आणि पिरॅमिडजवळच त्यांची थडगी मिळाली आहेत. तिथल्या सांगाड्यांत नीट जुळून आलेली मोडकी हाडे आहेत, म्हणजे उपचार होत. एका टोळीने स्वतःला ‘मेनकौरेचे मद्यपी’ म्हणवून घेतले होते (मेनकौरे हा गिझालाच पिरॅमिड बांधणारा नंतरचा राजा).

खरा वाद दगड वर चढवण्याचा. शिखरापर्यंत सरळ उतार रचायचा तर तोच अवाढव्य होतो, भोवती फिरवत नेला तर कोपऱ्यांवर वळणे अवघड. पण पहिल्या एक तृतीयांश उंचीतच एकूण आकारमानाचा सुमारे 70 टक्के भाग संपतो, हे वादात बरेचदा विसरले जाते. हातनुब येथील खाणीत 2018 मध्ये खुफूकालीन तीव्र उतार उजेडात आला : दोन्ही बाजूंना पायऱ्या आणि खांबांसाठी भोके. दोर खांबांना वळसा घालून ओढत असावेत. गिझालाही असेच उतार होते, हे मात्र त्यावरून सिद्ध होत नाही.