पावसाळ्यात पीटीएएची कुपी उघडण्यापूर्वी

दर वर्षी जूनच्या मध्यापासून आमच्याकडे एकाच आशयाची तक्रार येऊ लागते: पीटीएए (सौरघटात विद्युतभार वाहून नेणारा पॉलिमर) नीट विरघळला, थरही एकसारखा बसला, तरी दुसऱ्या दिवशी प्रकाश शोषणाऱ्या पेरोव्स्काईटच्या काळपट तपकिरी थरात पिवळे ठिपके उमटले, सबब माल बदलून द्यावा.

बहुतेक वेळा दोष मालाचा नसून कुपी फ्रिजमधून काढताच उघडण्याच्या घाईचा असतो. रत्नागिरीच्या हवेत तापमान 28 अंश आणि आर्द्रता 85 टक्के असेल, तर 25 अंशांहून थंड असलेल्या कोणत्याही वस्तूवर दव धरते. मग 4 अंशांवरच्या कुपीचे झाकण काढल्यावर बाहेरून तिला घाम सुटतो, तसा तो आतही सुटतो.

पीटीएए स्वतः पाण्याला दाद देत नाही. खरी अडचण आहे ती त्याची वाहकता वाढवण्यासाठी मिसळल्या जाणाऱ्या लिथियमच्या क्षाराची, कारण श्रावणात बरणीतल्या मिठाला पाणी सुटते त्याहून वेगाने तो सादळतो. ते पाणी द्रावणासोबत पेरोव्स्काईटवर उतरते, त्याचे विघटन होते आणि मागे पिवळे लेड आयोडाइड उरते. ज्यांच्या रचनेत पॉलिमर खाली आणि पेरोव्स्काईट वर असतो, त्यांना हा फटका कमी बसतो.

म्हणून कुपी बंदच ठेवून, सिलिका जेल घातलेल्या डेसिकेटरमध्ये (ओलावा शोषणाऱ्या हवाबंद पात्रात) तासभर खोलीच्या तापमानाला येऊ द्यावी; काचेवर बोट फिरवल्यावर ओल लागली, तर आणखी थांबावे.

आम्ही 100 मिलिग्रॅमच्याच कुप्या देतो आणि क्षार वेगळा सीलबंद करतो. त्यामुळे दर थोडा चढा पडतो, हे मान्य आहे; परंतु मोठी कुपी दहा वेळा उघडली जाते, आणि गेल्या पावसाळ्यात परत आलेल्या अशाच एका कुपीत क्षाराचा चक्क पाक झालेला होता. सील उघडलेला माल आम्ही परत घेत नाही, तो याच कारणाने.

पेडॉट:पीएसएस (पाण्यात मिसळलेले वाहक पॉलिमर) मागवणाऱ्यांनी ते फ्रिजमध्ये ठेवावे, फ्रीझरमध्ये नव्हे. एकदा गोठले की त्यात गुठळ्या होतात आणि कितीही हलवले तरी ते पूर्ववत होत नाही.

जून ते सप्टेंबरच्या प्रत्येक मागणीसोबत आम्ही आर्द्रतादर्शक पट्टी विनामूल्य पाठवतो. पाकीट उघडताना ती निळीची गुलाबी झालेली दिसल्यास सील न तोडता कळवावे. कुपी आमच्या खर्चाने बदलून मिळेल.