पॉइंट टू-टूचं सोंग

टेक्ससमध्ये स्थायिक झालेल्या भाच्याने परवा एक फोटो पाठवला. काळीकुळकुळीत रायफल, वर लाल ठिपक्याची साइट, पुढे खाचाखाचांची लांब पट्टी, मागे आतबाहेर सरकणारा दस्ता. खाली प्रश्न : "मामा, ही घेऊ का? रविवारी रेंजवर डबे उडवायला." पहिल्या नजरेला ती थेट लष्करातली वाटली. फोटो मोठा करून नळीवरची अक्षरं वाचली आणि हसू आलं. पॉइंट टू-टू लाँग रायफल, ०.२२ इंची छोट्या काडतुसाचं नाव! म्हणजे एनसीसीच्या कॅम्पात पोटावर पालथं पडून, उस्तादांच्या शिव्या खात आम्ही ज्या रायफलीने ग्रुपिंग करायचो, म्हणजे सगळ्या गोळ्या एकाच जागी पाडायचा सराव करायचो, तिचंच काडतूस. फक्त वेश वेगळा.

अमेरिकेत अशा 'टॅक्टिकल' वेशातल्या टू-टू रायफली भरपूर खपतात. स्मिथ अँड वेसनची एम अँड पी १५-२२ ही २००९ पासूनची त्यातली प्रसिद्ध. रुगरची १०/२२ तर १९६४ पासून आहे. तिचा मूळचा दस्ता लाकडी, पण बाजारात मिळणारा काळा साज चढवला की तीही ओळखू येत नाही. भाच्याला मी एवढंच कळवलं, की आधी काडतूस समजून घे, मग बंदूक बघ.

दिवाळीतलं टिकल्यांचं पिस्तूल आठवा. टिकलीवर घोडा आपटला की ठो! नेहमीच्या रायफलीच्या काडतुसात ही 'टिकली' बुडाच्या मधोमध वेगळी बसवलेली असते. टू-टूमध्ये वेगळी टिकली नाहीच. काडतुसाच्या बुडाला ताटासारखी कड असते आणि ती आतून पोकळ असते. कारखान्यात ओला स्फोटक लगदा आत घालून काडतूस गरगर फिरवतात, की तो लगदा कडेच्या पोकळीत पसरतो. चाप ओढला की फायरिंग पिन ही कड नळीच्या काठावर चेचते आणि लगदा पेटतो. कडेवर पेटतं म्हणून रिमफायर. कल्पना जुनी आहे. १८४५ मध्ये फ्रान्सच्या फ्लोबेरने दिवाणखान्यातल्या नेमबाजीसाठी ठिणगी पाडणाऱ्या स्फोटक टोपीतच गोळी बसवली, १८५७ मध्ये स्मिथ अँड वेसनने आपल्या रिव्हॉल्व्हरसाठी टू-टू शॉर्ट काढलं आणि १८८७ मध्ये स्टीव्हन्स कंपनीचं लाँग रायफल आलं. तेच आजही चालतं.

या युक्तीतच टू-टूचे सगळे गुण आणि सगळी दुखणी आहेत. कड चेचली जायला हवी, म्हणून पितळ पातळ आणि मऊ ठेवावं लागतं. पातळ पितळ फार दाब सोसत नाही. म्हणून इथली मर्यादा दर चौरस इंचाला सुमारे २४,००० पौंड, तर खऱ्या एआर-१५ मधल्या, म्हणजे हा लष्करी वेश जिची नक्कल आहे त्या रायफलीतल्या, पॉइंट टू-टू-थ्री काडतुसाची ५५,०००. धक्का नगण्य, आवाज कमी, काडतूस स्वस्त. पण लगदा कडेभर सारखा पसरला नाही आणि पिन नेमकी रिकाम्या जागी पडली, तर फुसका बार. अशा वेळी नळी निशाणाच्याच दिशेला धरून अर्धा मिनिट थांबायचं. बार उशिराने उडू शकतो. शिवाय बऱ्याच टू-टू रायफलींत रिकामा चाप ओढत बसू नये. कड जागेवर नसली की पिन नळीच्या काठावरच आपटते आणि काठाला खाच पडते.

आता सोंगाच्या आत डोकावू. खऱ्या एआरमध्ये गोळी सुटेपर्यंत बोल्ट, म्हणजे काडतुसामागचा सरकता ठोकळा, कुलपासारखा अडकलेला असतो आणि नळीतून वळवलेल्या वायूने तो उघडतो. टू-टूच्या नकलेत कुलूप नाही, वायूची नळीही नाही. बोल्ट स्वतःच्या वजनाने आणि स्प्रिंगने जागेवर थांबतो. म्हणजे दार नुसतं लोटलेलं, कडी न लावलेलं. काही कंपन्या तर खऱ्या एआरवरचं बोल्ट पुढे ढकलायचं बटण केवळ शोभेला लावतात. दाबा नाहीतर राहू द्या, आत काही हलत नाही.

पण हे लोटलेलं दार चालतं कसं? गोळी २.६ ग्रॅमची. समजा, बोल्ट २०० ग्रॅमचा आहे. दोघांना मिळणारा धक्का सारखाच, पण बोल्ट पाऊणशे पट जड. गोळी नळीतून ४० सेंटीमीटर पुढे जाईपर्यंत बोल्ट जेमतेम पाच मिलिमीटर मागे सरकतो. काडतुसाचं पितळ १५ मिलिमीटर लांब, त्यामुळे तोवर त्याचा बराचसा भाग अजून आतच असतो. मग दाब उतरतो आणि उरलेल्या वेगाने बोल्ट मागे जाऊन रिकामं पितळ बाहेर फेकतो, पुढचं काडतूस उचलतो.

खरी गोम इथे आहे. बोल्टला मागे पाठवायला दमदार काडतूस लागतं, म्हणून अशा अनेक रायफलींसोबत 'हाय व्हेलॉसिटी' काडतुसं वापरा, असं सांगितलेलं असतं. ती सेकंदाला सुमारे ३७५ मीटरने सुटतात. 'स्टँडर्ड' काडतूस सुटतं ३२५ च्या आसपास. आणि आवाजाचा हवेतला वेग? सुमारे ३४०. म्हणजे तेज गोळी आवाजापेक्षा वेगाने निघते आणि ५० मीटरच्या आसपास, लक्ष्य गाठता गाठता, आवाजाच्या वेगाखाली येते. त्या उंबरठ्याजवळ हवेचा विरोध एकदम वाढतो आणि गोळी डगमगू शकते. संथ गोळीला हा उंबरठा ओलांडावाच लागत नाही.

वाऱ्याचा मामला त्याहून गमतीचा. आपल्याला वाटतं, गोळी जितकी वेगवान, तितकं वाऱ्याला तिला ढकलायला कमी सापडतं. टू-टूत उलटं होतं. आडव्या वाऱ्यात गोळी किती सरकेल हे एकूण लागलेल्या वेळेवर ठरत नाही. निर्वात पोकळीत जेवढा वेळ लागला असता, त्यापेक्षा हवेमुळे किती उशीर झाला, त्यावर ते ठरतं. तेज गोळी आवाजाच्या वेगापाशी हवेशी झगडून जास्त वेग गमावते, म्हणजे तिचा हा उशीर जास्त. ताशी १६ किलोमीटरच्या आडव्या वाऱ्यात १०० मीटरवर संथ गोळी साधारण अकरा सेंटीमीटर सरकते, तेज गोळी चौदाच्या आसपास. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंतने २०१० मध्ये म्युनिकला ५० मीटर प्रोनचं, म्हणजे पालथं पडून नेमबाजीचं, जगज्जेतेपद मिळवलं, किंवा कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने २०२४ मध्ये पॅरिसला थ्री पोझिशनचं (गुडघ्यावर, पालथं आणि उभं राहून) कांस्य घेतलं, ते याच लाँग रायफल काडतुसाने. या खेळातली काडतुसं आवाजाच्या वेगाखालचीच असतात. त्या रायफलींचा बोल्ट हाताने उघडायचा असतो, त्यामुळे दमदार काडतुसाची मिजास सांभाळावी लागत नाही.

म्हणून भाच्याला माझा सल्ला : दुकानात विचार, ही रायफल स्टँडर्ड काडतुसावर न अडता चालते का? चालत असेल तर घे, मग पट्टीवर काय टांगायचं ते टांग. आणि पाच-सहा प्रकारची डबी घेऊन प्रत्येकाचे कागदावर ग्रुप काढून बघ. एका नळीला जे मानवतं ते शेजारच्या त्याच मॉडेलला मानवेलच असं नाही.

बाकीचं थोडक्यात. लांब नळीचा मोह नको; टू-टूची चिमूटभर दारू साधारण १६ ते १८ इंचांत आपलं काम संपवते, पुढे नुसतं घर्षण. १६ इंचांपेक्षा आखूडही नको, तिथे अमेरिकेचा १९३४ चा बंदुकांचा केंद्रीय कायदा आडवा येतो. लाल ठिपका डब्यांसाठी छान, पण दोन मिनिट-कोनाचा (मिनिट म्हणजे अंशाचा साठावा भाग) ठिपका ५० मीटरवर जवळजवळ तीन सेंटीमीटर झाकतो, आणि ऑलिंपिकच्या लक्ष्यावरचं दहाचं वर्तुळ आहे १०.४ मिलिमीटरचं! एआरच्या घाटात साइट नळीच्या सहा-साडेसहा सेंटीमीटर वर बसते. ५० मीटरला झीरो केलं, म्हणजे तिथे नेम आणि गोळी जुळवली, तर दहा मीटरवरचा डबा तीन सेंटीमीटर खालून चुकेल आणि १०० मीटरला संथ गोळी वीतभर खाली जाईल. गोळी 'छोटी' म्हणून मागे मातीचा बांध नसलेल्या जागी मात्र कधी झाडू नये; ती एक किलोमीटरच्याही पुढे जाऊ शकते. कानावर मफ, डोळ्यांवर चष्मा, आणि घरी आल्यावर हात साबणाने धुणं, कारण लगद्यातही शिसं आणि गोळीतही शिसं.

कायद्याचंही सांगून ठेवतो. भाचा तिथला नागरिक आहे. नोकरीच्या व्हिसावर गेलेल्यांना तिथला केंद्रीय कायदा काही मोजके अपवाद सोडता बंदूक घेऊ देत नाही. आपल्याकडे तर टू-टूला परवाना लागतोच. रायफल क्लबात सुरुवात एअर रायफलने करणं सगळ्यात सोपं.

शेवटी त्याने काळीच घेतली. मागच्या आठवड्यात दोन कागदांचे फोटो आले, दोन्ही ५० मीटरचे, एकाच रायफलीचे. तेज काडतुसाची पाच भोकं पोह्यांच्या बशीत मावतील अशी विखुरलेली. संथ काडतुसाची पाच त्याने पाच रुपयांच्या नाण्याखाली जवळजवळ झाकून दाखवली होती. खाली एकच ओळ : "आणि मामा, ते बटण खरंच शोभेचं निघालं."