काळ्या खडकातून तांबड्या खडकाकडे : चंबळची घळई पाहायला जाताना

इंदूरकर चंबळची घळई पाहायला निघतात ते बहुधा रात्रीच्या रेल्वेने. पहाटे कोटा, तिथून पंचवीसेक किलोमीटरवर गराडिया महादेवचा कडा, नदीच्या त्या प्रसिद्ध वळणाचे फोटो आणि संध्याकाळी परतीची गाडी. यात गैर काही नाही, पण घळईची निम्मी गोष्ट रात्री झोपेतच मागे पडते. जमत असेल तर दिवसाउजेडी, रस्त्याने, नदीच्या मागोमाग जावं.

नदी तशी आपलीच. महूजवळच्या जानापाव डोंगरावर तिचा उगम. या डोंगरातून साडेसात नद्या निघतात अशी लोकांची श्रद्धा आहे. अर्ध्या नदीचा हिशेब ज्याने त्याने लावावा. इंदुरातली कान्ह क्षिप्रेला मिळते आणि क्षिप्रा चंबळला, म्हणजे कृष्णपुऱ्याच्या छत्र्यांजवळून गेलेलं पाणीही शेवटी त्या तांबड्या कड्यांखालून वाहतं. कोणत्या अवस्थेत, ते न बोललेलं बरं.

उज्जैन, आगर करत उत्तरेला निघालं की तासन्‌तास एकच दृश्य असतं: काळी माती, सोयाबीन किंवा गहू, आणि उथळ, पसरट ओढे. हा सगळा बेसॉल्ट, म्हणजे सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा थिजलेला थर. पाणी आणि हवा लागली की बेसॉल्टमधली खनिजं रासायनिक रीतीने कुजतात आणि त्यांची चिकणमाती होते. त्यामुळे काठ ढासळतात, उतार सौम्य होतात, दरी रुंदावते. यावर सह्याद्रीचा वाचक लगेच हरकत घेईल: आमच्याकडे त्याच बेसॉल्टचे सरळसोट कडे आहेत की! बरोबर आहे, आणि त्यासाठी कोकणात उतरायलाही नको. इंदूरच्या दक्षिणेला पाताळपाणी आहे. तिथे पठाराची कड एकदम नर्मदेच्या खोऱ्याकडे कोसळते, म्हणून पाण्याला खोल कापायची ताकद मिळते. चंबळ मात्र माळव्याच्या उत्तरेकडच्या मंद उताराने निवांत चालते. खडक मऊ पडणारा आणि घाई नाही, मग घळई कुठून होणार?

भानपुऱ्याजवळ चित्र बदलतं. मराठी माणसाला हे गाव पहिल्या यशवंतराव होळकरांमुळे माहीत असतं. 1811 मध्ये त्यांचा मृत्यू इथेच झाला आणि त्यांची छत्रीही इथेच आहे. तिचं दर्शन घेऊन बरेच जण पुढे निघतात. पण गावामागच्या टेकड्या बघा: बेसॉल्ट संपलेला असतो आणि विंध्यन वालुकाश्म उघडा पडलेला असतो. हा खडक शंभर कोटी वर्षांहून जुना. लाव्हा आला तो याच खडकाच्या झिजलेल्या पाठीवर. दोघांच्या मधली नव्वद कोटींहून जास्त वर्षं इथे दगडात नोंदलेलीच नाहीत. त्या काळात जे साचलं असेल ते वाहून गेलं.

हा वालुकाश्म जिथे साचला तिथे उथळ समुद्र आणि किनारे होते. जमिनीवर तेव्हा गवताचं पातंही नव्हतं. वनस्पती जमिनीवर यायला अजून कोट्यवधी वर्षं होती. भरती-ओहोटीच्या पाण्याने वाळूवर उठवलेल्या बारीक लहरी काही थरांवर अजून जशाच्या तशा दिसतात. रंगाचं म्हणाल तर वाळूचे कण मूळचे गारगोटीचे, जवळजवळ रंगहीन. प्रत्येक कणावर हेमॅटाइटचा, म्हणजे लोहाच्या ऑक्साइडचा पातळ लेप आहे, सराफ्यातल्या मुलामा दिलेल्या दागिन्यासारखा. इतकं थोडं लोहही अख्खा डोंगर तांबडा करायला पुरतं.

गारगोटी कुजत नाही. कण एकमेकांना घट्ट सांधले गेले की असा खडक झिजतो तो बहुतेक फुटूनच. त्याचे थर जवळपास आडवे, त्यांना उभ्या भेगा आणि मधूनमधून शेलसारखे मऊ थर. मऊ थर आधी पोखरला जातो, वरच्या शिळेचा आधार सुटतो आणि ती भेगेवर तुटून सरळ खाली जाते. मागे उरते ती उभी भिंत. कोट्याच्या वरच्या बाजूला सुमारे शंभर किलोमीटर नदी अशा भिंतींमधून वाहते.

गांधीसागर धरण बरोबर या अरुंद वाटेच्या तोंडाशी बांधलंय, 1960 मध्ये पुरं झालेलं. लांबी जेमतेम 514 मीटर, उंची 62 मीटर. तरी मागचा जलाशय देशातल्या मोठ्या जलाशयांत मोडतो. माळव्याचं पसरट खोरं मागे आणि वालुकाश्माची खिंड पुढे, हे भूगर्भाने आयतं दिलं. अभियंत्यांनी फक्त दार लावलं.

आता बेताचं. सर्वांत चांगले महिने नोव्हेंबर ते फेब्रुवारी. उन्हाळ्यात हा खडक दिवसभर तापतो, तिकडे फिरकू नये. पावसाळ्यात कडे हिरवे होतात, धबधबे सुटतात, मोह होतो. पण खालच्या पात्रात उतरायचं नाही. आकाश निरभ्र असलं तरी वर माळव्यात पडलेल्या पावसाने धरणाची दारं उघडू शकतात. सप्टेंबर 2019 मध्ये गांधीसागरची पातळी पूर्ण क्षमतेपलीकडे गेली होती. शिवाय पाण्यात मगरी आहेत, त्यामुळे पोहण्याचा प्रश्न एरवीही मिटलेलाच.

कड्यावर सकाळी लवकर किंवा उन्हं कलल्यावर पोचावं. तिरप्या किरणांना हवेचा जाड थर ओलांडावा लागतो, निळा प्रकाश वाटेतच विखुरतो आणि तांबडा खडक आणखी तांबडा दिसतो. भर दुपारी तोच कडा फिका, सपाट वाटतो. गराडियाच्या कड्यावर सेल्फीपुरतंसुद्धा काठाशी जाऊ नये, कारण शिळा भेगांवरच सुटतात आणि कोणती भेग पूर्ण झालीय ते वरून कळत नाही.

दोन दिवस असतील तर पहिला मुक्काम गांधीसागर किंवा भानपुऱ्याला करा. जवळच्या दराकी-चट्टान गुहेत आदिमानवाने कठीण खडकात कोरलेले वाटीसारखे पाचशेहून जास्त खळगे आहेत, आणि चतुर्भुज नाल्याच्या शिलाश्रयांत चित्रं. दुसऱ्या दिवशी रावतभाट्यावरून कोटा. एकच दिवस असेल तर कोटा सोडून द्या आणि भानपुरा-गांधीसागर एवढंच पाहा.