जेवताना जबड्याखाली येणारी सूज : लाळनलिकेतील अडथळ्यावर बिनटाक्याचा उपचार

जेवायला बसल्यावर, विशेषतः लिंबू किंवा लोणचे तोंडात जाताच, जबड्याखाली अथवा कानापुढे ठणकणारी सूज येते आणि तासा-दोन तासांत ओसरते, अशी तक्रार घेऊन पुण्यातून आणि सासवड, शिरूरकडून आमच्या केंद्रात येणाऱ्या अनेकांनी तोवर दाढेचे उपचार करून पाहिलेले असतात. प्रत्यक्षात लाळेच्या नलिकेत खडा अडकलेला असतो किंवा नलिका आकसलेली असते. सुमारे ८० टक्के खडे जबड्याखालच्या ग्रंथीत होतात, कारण तिची लाळ अधिक दाट असते आणि लांब नलिकेतून तिला खालून वर चढावे लागते.

पूर्वी अशी ग्रंथी वारंवार सुजू लागली की ती काढून टाकण्याचाच सल्ला सहसा मिळे. त्या शस्त्रक्रियेत मानेवर व्रण राहतो आणि खालचा ओठ हलवणाऱ्या मज्जातंतूला इजा होण्याचा धोकाही असतो. म्हणून ग्रंथी काढण्याचा निर्णय घेण्याआधी नलिकेची नीट तपासणी व्हावी, असे आमचे आग्रहाचे सांगणे आहे.

प्रथम सोनोग्राफी केली जाते. गरज भासल्यास नलिकेच्या तोंडातून रंगद्रव सोडून क्ष-किरण चित्र घेतात, त्यात अडथळ्याची नेमकी जागा दिसते. उपचाराच्या वेळी तेवढ्याच भागाला भूल देऊन, पडद्यावर चित्र पाहत, नलिकेच्या नैसर्गिक तोंडातूनच बारीक तार आत सरकवली जाते. आकसलेला भाग फुग्याने रुंद केला जातो आणि सुटा, लहान खडा तारेच्या जाळीत पकडून बाहेर ओढला जातो. बाहेरून कापावे लागत नाही आणि बहुधा त्याच दिवशी घरी जाता येते.

मात्र हा उपचार सर्वांना लागू पडत नाही. मोठा, नलिकेच्या भिंतीला चिकटलेला किंवा ग्रंथीच्या आत खोल बसलेला खडा अशा रीतीने निघत नाही; त्यासाठी तोंडातून छोटा छेद घेण्यासारखे अन्य मार्ग असतात आणि अशा रुग्णांना आम्ही कान-नाक-घसा तज्ज्ञांकडेच पाठवतो. ताप किंवा पू असेल तर आधी जंतुसंसर्ग आटोक्यात आणावा लागतो. उपचारानंतर एक-दोन दिवस सूज राहणे स्वाभाविक आहे. क्वचित नलिकेला इजा होते, आणि काही जणांना पुन्हा खडा होऊ शकतो किंवा नलिका पुन्हा आकसू शकते. उपचारानंतरच्या दिवसांत भरपूर पाणी प्यावे आणि सांगितल्याप्रमाणे ग्रंथी हलक्या हाताने चोळावी.

येताना जुने रिपोर्ट आणावेत. आयोडीनयुक्त औषधाची ॲलर्जी, गर्भारपण किंवा रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या यांची माहिती वेळ ठरवतानाच द्यावी; त्या गोळ्या स्वतःहून बंद करू नयेत.