व्हॅप की सी-व्हॅप? टेक्सासच्या काउंट्यांमधला आकड्यांचा घोळ

टेक्सासच्या निवडणुकीचे आकडे बघताना बरेच जण इथेच फसतात, मीपण फसलोय. व्हॅप (व्होटिंग एज पॉप्युलेशन) म्हणजे काउंटीत, म्हणजे आपल्या जिल्ह्यासारख्या भागात, राहणारी १८ पूर्ण झालेली सगळी माणसं, आणि सी-व्हॅप (सी म्हणजे सिटिझन) म्हणजे त्यातले फक्त अमेरिकन नागरिक. फरक एका अक्षराचा, पण कॉलिन काउंटीत फ्रिस्कोच्या एखाद्या देशी गल्लीतलं घर घ्या. नवरा एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावर, बायको एच-फोर या जोडीदाराच्या व्हिसावर, पोरगी डॅलसला जन्मलेली, वय ८. व्हॅपमध्ये हे घर म्हणजे दोन, सी-व्हॅपमध्ये शून्य, आणि गंमत म्हणजे घरात नागरिक एकटी ती पोरगीच आणि ती दोन्हीकडे नाही. ग्रीन कार्ड आलं म्हणून पेढे वाटा खुशाल, पण सी-व्हॅपमध्ये नंबर लागतो तो नागरिकत्वाची शपथ घेतल्यावरच.

आता समजा एका काउंटीत १०० प्रौढ आहेत, त्यातले २० नागरिक नाहीत आणि मतं पडली ४८. व्हॅपने भागलं तर मतदान ४८ टक्के, सी-व्हॅपने भागलं तर थेट ६०! म्हणून हिडाल्गोसारख्या मेक्सिकोच्या सीमेवरच्या काउंटीबद्दल "इथले लोक मतदानाला जातच नाहीत" असं ठोकून द्यायच्या आधी कशाने भागलंय ते बघा ना राव.

मग सरळ सी-व्हॅपच वापरायचं की, असं वाटेल. पण व्हॅप येतो दर १० वर्षांच्या जनगणनेतून, आणि २०२० च्या जनगणनेत नागरिकत्वाचा प्रश्नच नव्हता, तो घालायचा प्रयत्न २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टात अडकला, त्यामुळे सी-व्हॅप काढतात अमेरिकन कम्युनिटी सर्व्हेवरून, म्हणजे सॅम्पल घेऊन, ५ वर्षांचा डेटा एकत्र करून. हॅरिस काउंटीत २०२० ला ४७ लाख लोक होते, तिथे हे खपून जातं. पण लव्हिंग काउंटीत २०२० ला माणसं होती ६४, तिथे दोन-चार घरं सॅम्पलमध्ये आली काय नि नाही आली काय, आकडा कुठल्या कुठे जातो. मार्जिन ऑफ एररचा, म्हणजे आकडा किती इकडेतिकडे असू शकतो त्याचा, कॉलम शेजारीच दिलेला असतो, वाचत कोणी नाही.

आणि सी-व्हॅप म्हणजे मतदारयादीही नव्हे हं. वॉकर काउंटीत हंट्सव्हिलला मोठमोठे तुरुंग आहेत, तिथले नागरिक कैदी सी-व्हॅपमध्ये त्याच काउंटीचे म्हणून धरले जातात, आणि गंभीर गुन्ह्याची शिक्षा भोगत असलेल्याला टेक्सासमध्ये मतच देता येत नाही.