पार्श्वभूमी : विशाखापट्टणमची गोदी ‘सरकारनं घेतली’ म्हणजे काय झालं?

१८ जुलै २०२५ रोजी ‘निस्तार’ नौदलात दाखल झालं. खोल पाण्यात पाणबुडे उतरवणारं आणि संकटातल्या पाणबुडीच्या सुटकेला जाणारं हे जहाज विशाखापट्टणमच्या हिंदुस्थान शिपयार्ड या गोदीत बांधलेलं आहे. त्या गोदीचा विषय निघाला की सोलापुरात एक वाक्य हमखास येतं : ‘गोदी आपल्या माणसाची, सरकारनं घेतली.’ पहिला अर्धा भाग अगदी खरा आहे. दुसरा तपासून पाहायला हवा.

हा ‘आपला माणूस’ म्हणजे १८८२ साली सोलापुरात जन्मलेले उद्योजक वालचंद हिराचंद. त्यांच्या नावाची महाविद्यालयं गावात आहेत. घरचा धंदा सोडून त्यांनी बार्शी लाइट रेल्वेच्या वाढीव मार्गाचं कंत्राट घेतलं, तिथून सुरुवात झाली. १९१९ मध्ये भागीदारांसह त्यांनी ग्वाल्हेर संस्थानाची आगबोट विकत घेतली. ५ एप्रिलला ती मुंबईहून लंडनला निघाली, म्हणून तो दिवस आज राष्ट्रीय सागरी दिन आहे. पण बोटी चालवायच्या आपण आणि बांधून आणायच्या परक्याकडून, हे त्यांना सलत होतं. १९४० अखेर विशाखापट्टणमची जागा ताब्यात आली, २१ जून १९४१ रोजी पायाभरणी झाली, आणि ६ एप्रिल १९४२ रोजी त्याच शहरावर जपानी बॉम्ब पडले. काम रखडलं. अखेर १४ मार्च १९४८ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते सुमारे ८,००० टनांच्या ‘जलउषा’ जहाजाचं जलावतरण झालं.

आता तो शब्द. १९५२ साली जे झालं त्याला सर्रास ‘राष्ट्रीयीकरण’ म्हणतात. विमान कंपन्यांचं १९५३ साली राष्ट्रीयीकरण झालं, ते संसदेत कायदा करून. मालकांच्या संमतीचा प्रश्नच नव्हता. गोदीसाठी असा कायदा झाला नाही. नवी कंपनी उभी राहिली, तिचे दोन तृतीयांश भाग (शेअर) सरकारकडे गेले आणि एक तृतीयांश वालचंदांच्या जुन्या ‘सिंदिया’ आगबोट कंपनीकडेच राहिले. हे उरलेले भाग सरकारनं घेतले ते १९६१ मध्ये. म्हणजे सोलापूरकरांची समजूत आहे त्या ‘घेण्या’नंतरही नऊ वर्षं जुने मालक गोदीत भागीदार होते. याच उद्योजकाचा बंगळूरचा विमान कारखाना १९४२ मध्ये युद्धाच्या गरजेपोटी सरकारकडे गेला होता. माझ्या मते लोकांच्या आठवणीत या दोन घटना एकमेकींत मिसळल्या आहेत.

१९५२ च्या हस्तांतराचं कारण पैशाचं होतं. इंजिन बाहेरून आणायचं, कामगार नवे, हाताशी जोडधंदे नाहीत. त्यामुळे इथलं जहाज इंग्लंडमधल्यापेक्षा महाग पडे. इंग्लंडमधली किंमत पाया धरायची आणि वरचा फरक सरकारनं द्यायचा, असा मार्ग निघाला. मागणी नसली की बांधणीचे उतार (जिथे जहाज बांधून पाण्यात सोडतात) रिकामे राहत आणि कामगारांचा पगार मात्र चालूच. एवढा भार खासगी कंपनीला झेपणारा नव्हता आणि गोदी बंद पडू देणं देशाला परवडणारं नव्हतं. म्हणूनच या हस्तांतराला बळजबरी म्हणणं मला पटत नाही, आणि संस्थापकाचं अपयश म्हणणं त्याहून पटत नाही. जगातल्या बहुतेक गोद्या सरकारी आधारावरच उभ्या राहिल्या. आपल्याकडे तो आधार उशिरा आला. १९४९ मध्ये पक्षाघात झाल्यावर वालचंद कारभारातून दूर झाले, आणि ८ एप्रिल १९५३ रोजी, हस्तांतरानंतर सुमारे वर्षभरानं, त्यांचं निधन झालं.

आणखी एक गैरसमज : ही गोदी युद्धनौकांसाठी काढली. तसं नव्हतं. हेतू मालवाहू जहाजांचा होता. नौदलाचं काम नंतर आलं. १९६० च्या दशकात ‘दर्शक’ हे सागरी सर्वेक्षणाचं जहाज झालं, पुढे ‘सावित्री’, ‘शरयू’, ‘शारदा’, ‘सुजाता’ ही गस्ती जहाजं; त्यातलं ‘शरयू’ २००० मध्ये श्रीलंकेला दिलं गेलं. ‘सिंधुकीर्ती’ पाणबुडीची दुरुस्ती २००६ पासून २०१५ पर्यंत रेंगाळली, आणि गोदीच्या नावाला त्याची झळ बसली. २०१० मध्ये गोदी जहाजवाहतूक खात्याकडून संरक्षण खात्याकडे आली. नौदलाचं मोठं ठाणं शेजारीच असताना हा निर्णय कित्येक वर्षं आधी व्हायला हवा होता.

ऑगस्ट २०२३ मध्ये पाच ताफा-सहायक जहाजांचा सुमारे १९,००० कोटी रुपयांचा करार झाला. समुद्रातच युद्धनौकांना इंधन, पाणी, दारूगोळा पुरवणारी ही प्रत्येकी सुमारे ४४,००० टनांची जहाजं. ‘जलउषा’ बांधणाऱ्या गोदीतच आता त्यांचं पोलाद कापलं जात आहे.