बैल जमला, भिंग अडले

ऑप्टिकल फायबरच्या टोकावर, जेमतेम केसाच्या जाडीच्या जागेत, एकावर एक तीन भिंगे थेट लेसरने छापता येतात, हे 2016 मध्ये जर्मनीतल्या श्टुटगार्ट विद्यापीठाच्या संशोधकांनी दाखवले. अख्खी रचना सुमारे 125 मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) रुंद. एवढी भिंगे वेगवेगळी घडवून एका रेषेत बसवायची म्हटली तर यंत्रेही हात टेकतील. या छपाईचे मूळ मात्र लेसरचा पत्ताही नव्हता त्या काळातले आहे.

जर्मनीतल्या गटिंगनच्या भौतिकशास्त्रज्ञ मारिया गोपर्ट-मायर यांनी 1931 मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रबंधात मांडले, की अणू एकाच वेळी दोन फोटॉन, म्हणजे प्रकाशाचे दोन कण, शोषू शकतो. दोघांची मिळून ऊर्जा पुरली की झाले. हिशेब चोख होता, पण साध्या दिव्याच्या प्रकाशात असा योग जवळपास येतच नाही. 1960 मध्ये लेसर आला आणि पुढच्याच वर्षी अमेरिकेतल्या बेल लॅब्ज या प्रयोगशाळेत कायझर आणि गॅरेट यांना हा परिणाम प्रत्यक्ष दिसला. (गोपर्ट-मायर यांचे 1963 चे नोबेल अणुकेंद्राच्या रचनेवरचे, द्विफोटॉन शोषण मोजण्याच्या एककाला मात्र त्यांचेच नाव आहे.)

ऐंशीच्या दशकात त्रिमितीय छपाई सुरू झाली ती अतिनील प्रकाशाने द्रव रेझीन (घट्ट झाले की प्लास्टिक) थराथराने घट्ट करून. अतिनील प्रकाश रेझीनच्या पृष्ठभागाजवळच शोषला जातो, म्हणून थर लावत जाणे भाग. अवरक्त प्रकाश त्याच रेझीनमधून आरपार जातो, कारण त्याच्या एकट्या फोटॉनची ऊर्जा रेझीन घट्ट करायला पुरत नाही. दोन एकदम शोषले गेले तर पुरते. द्विफोटॉन शोषण तीव्रतेच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, त्यामुळे अवरक्त झोत जिथे एकवटतो त्या इवल्या बिंदूपुरतेच रेझीन घट्ट होते, बाकीचे द्रवच राहते. बिंदू फिरवायचा आणि द्रवाच्या पोटातच आकार काढायचा! त्यासाठी लागणारे फेम्टोसेकंदांचे, म्हणजे सेकंदाच्या अतिसूक्ष्म अंशाचे, स्पंद देणारे लेसर नव्वदच्या दशकात प्रयोगशाळांमध्ये रुळले. 1997 मध्ये जपानमध्ये मारुओ, नाकामुरा आणि कावाता यांनी असे आकार घडवले. 2001 मध्ये ओसाकाच्या कावाता यांच्या गटाने 10 मायक्रॉन लांब, 7 मायक्रॉन उंच बैल केला. त्यातले बारकावे 120 नॅनोमीटरपर्यंतचे होते (नॅनोमीटर म्हणजे मायक्रॉनचा हजारावा भाग).

बैल गाजला, पण माझ्या मते तो सोपा होता. बैलाची पाठ थोडी खडबडीत निघाली तर कोणाचे काय बिघडते? भिंगाचा पृष्ठभाग तरंगलांबीच्या छोट्याशा अंशाइतकाही चुकून चालत नाही, आणि रेझीन तर घट्ट होताना आकसते. मग छापलेले भिंग मोजायचे, चूक आराखड्यात उलटी भरायची आणि पुन्हा छापायचे. जर्मनीतल्या कार्ल्सरूहेच्या संशोधनातून 2007 मध्ये निघालेल्या नॅनोस्क्राइब कंपनीने तयार यंत्रे विकायला काढली, तेव्हा हे काम मोजक्या प्रयोगशाळांबाहेर पोहोचले. फायदाही मोठा. रेझीनचे खांब वितळवून थेंबासारखी भिंगे करण्याच्या जुन्या रीतीत आकार पृष्ठताण ठरवतो. इथे तो रचनाकार ठरवतो. गोल आणि वेडावाकडा पृष्ठभाग छापायला जवळपास सारखेच श्रम.

वेग हे दुखणे जुनेच, कारण बिंदूमागून बिंदू जोडायचा असतो. उष्णतेपुढेही प्लास्टिकचे फारसे चालत नाही. म्हणून काचेकडे लक्ष गेले. 2017 मध्ये कार्ल्सरूहेतच सिलिकाचे नॅनोकण मिसळलेले रेझीन साध्या अतिनील पद्धतीने छापले, प्लास्टिक जाळून टाकले आणि 1300 अंश सेल्सिअसला उरलेल्या कणांची पारदर्शक काच केली. काही वर्षांनी द्विफोटॉन छपाईतही ही युक्ती जमली. या भट्टीत वस्तू आणखी आकसते, तीही थोडीथोडकी नाही, त्यामुळे आराखडा सुरुवातीलाच तेवढा मोठा काढावा लागतो.